करंटला घरी जायचं असतं

देवरे सरांवर लिहायचा मला काय अधिकार, हे मी स्वतःला बरेच दिवस विचारतो आहे. ज्याच्याविषयी लिहायचं तो माणूस आपल्याला पुरता कळलेला असावा, निदान त्याच्याविषयी आपलं मन कुठेतरी एका जागी टेकलेलं असावं. माझं तसं काही झालेलं नाही. शिवाय आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. सुरगाण्याच्या डोंगरातून आलेल्या पोराने आपल्याला शिकवणाऱ्या माणसाबद्दल वाकडं लिहावं, हे माझ्या आईला मुळीच आवडणार नाही. लिहिण्याची सवयही मला नाही. परीक्षेच्या उत्तरांपलीकडे मी फारसं काही लिहिलेलं नाही. तेव्हा वाचणाऱ्यांनी आधीच मला माफ करावं. न लिहिता राहवत नाही, एवढंच माझ्याकडे कारण आहे.

सर आम्हाला वाहनांची इलेक्ट्रिकल यंत्रणा शिकवायचे. नाशिकच्या बाहेर, द्राक्षबागा संपून प्लॉटिंगचे फलक सुरू होतात तिथे आमचं कॉलेज. सर बुटके, रुंद खांद्याचे, डोक्यावर पांढऱ्या-काळ्या केसांचं टोपलं. खांद्याला कायम एक निळी कापडी पिशवी. ती मुळात डब्याची पिशवी, पण तिच्यात डबा क्वचित असायचा. असायचा तो मल्टिमीटर, म्हणजे व्होल्टेज मोजायचं ते पिवळं यंत्र. मुलं विचारायची, "सर, डबा कुठंय?" तर म्हणायचे, "डबा विसरलो तर उपाशी राहीन. मीटर विसरलो तर थापा माराव्या लागतील."

हे वाक्य आम्ही सगळ्यांनी इतक्यांदा ऐकलं होतं की त्यांच्या मागे त्यांची नक्कल करायची झाली तर मुलं याच वाक्याने सुरुवात करत.

ते मूळचे सटाण्याकडचे. वर्गात अगदी स्वच्छ, पुस्तकी मराठी. पण एखाद्या गाडीचं बोनेट उघडलं की त्यांच्यातली अहिराणी बाहेर यायची. आत वाकून, गाल इंजिनाजवळ नेऊन गाडीलाच विचारायचे, "काय व्हयनं वं माय तुले?" आजारी गाईशी बोलावं तसं. आम्ही हसायचो. त्यांना त्याचं काही नसे.

त्यांच्या दोन सवयी सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

पहिली ही की गाडी कुणाचीही असो, चालकाच्या सीटवर बसायच्या आधी ते चपला काढत आणि ड्रायव्हरला विचारत, "बसू का?" ड्रायव्हर बिचारे गोंधळून जात. एकदा मी विचारलं, तेव्हा म्हणाले, "अरे, तो माणूस दिवसभर इथे बसून पोट भरतो. तुझ्या घरात कुणी चपला घालून आला तर?"

दुसरी सवय दोऱ्याची. वायरींचा जुडगा बांधायला सगळे काळी टेप वापरतात. सर टेपला हात लावत नसत. "उन्हात हिला घाम फुटतो आणि मग ती धूळ खाते," असं म्हणत. कॉलेजजवळच्या मोच्याकडून ते जाड दोरा आणायचे, त्याला मेण चोळायचे आणि वायरींभोवती ठरावीक अंतरावर चपट्या गाठी मारायचे. तरुणपणी कुठेतरी विमानाच्या वायरिंगचं काम पाहिलं होतं, तिथून हे उचललेलं. आम्हालाही शिकवायचा प्रयत्न केला. एकालाही ती गाठ जमली नाही. ओढली की बसायची आणि पुन्हा सुटायची नाही, आणि वरून पाहिली तर तांदळाच्या दाण्याएवढी दिसायची.

पहिल्या तासाला त्यांनी एक जळालेलं ईसीएम आणलं होतं. ईसीएम म्हणजे आजच्या गाडीचा मेंदू. किती डिझेल सोडायचं, केव्हा सोडायचं, हे सगळं ठरवणारी ही ॲल्युमिनियमची चपटी पेटी. ती गेली की चालती गाडी जागच्या जागी उभी राहते. सरांनी तिचं झाकण काढून ती वर्गात फिरवली आणि म्हणाले, "बघू नका. वास घ्या आणि सांगा."

कुणी म्हणालं प्लॅस्टिक, कुणी म्हणालं रबर. माझ्याकडे आली तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "करपलेल्या नागलीच्या भाकरीसारखा येतोय, सर."

वर्ग खदखदून हसला. मागून कुणीतरी "ए नागली!" म्हणालं, आणि पुढचे काही महिने ते नाव मला चिकटून राहिलं. सर मात्र हसले नाहीत. त्यांनी पेटी माझ्या हातातून घेतली, स्वतः हुंगली आणि म्हणाले, "बरोबर आहे याचं. करपलंय. आता भाकरी का करपली? भाकरीचा दोष आहे का? नाही. मग तवा शोधा, जाळ शोधा. भाकरी बदलून काय होणार, दुसरीही करपेल."

त्या दिवसापासून मी त्यांचा झालो. उगाच मोठे शब्द वापरत नाही, पण कॉलेजात मला जागा आहे असं मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं.

त्यांचं सगळं शिकवणं त्या भाकरीतच होतं. ईसीएम पुन्हा पुन्हा जात असेल तर ईसीएमकडे बघायचंच नाही. "ते मरत नसतं," ते म्हणत, "त्याला मारलं जातं. मारणारा बाहेर मोकळा फिरत असतो आणि आपण प्रेतं बदलत बसतो." गॅरेजवाले नवीन पेटी बसवून मोकळे होतात, महिन्याभरात तीही जाते, मग सगळे मिळून कंपनीला शिव्या देतात. सर मात्र गाडी आणणाऱ्याला समोर बसवत, चहा मागवत आणि डॉक्टरसारखे विचारत, "बंद पडली त्याच्या आदल्या दिवशी काय केलं होतं?"

नांदगावचा एक पिकअपवाला मला आठवतो. त्याच्या गाडीचं ईसीएम तिसऱ्यांदा गेलं होतं आणि तो रडायच्या बेतात होता.

"आदल्या दिवशी काही नाही, सर. चाळीसगावचं भाडं मारलं."

"त्याच्या आदल्या दिवशी?"

"घरीच उभी होती. फाळक्याची बिजागरी तुटलेली, ती वेल्डिंग करून घेतली."

"आणि मागच्या वेळी गेलं तेव्हा?"

तो माणूस विचार करू लागला. हातातला कप तसाच राहिला. "मागच्या वेळी... मागच्या वेळी जाळी बसवली होती. तीपण वेल्डिंगनीच." मग त्याने कपाळाला हात लावला. "म्हणजे मीच मारलं का हो त्याला?"

वेल्डिंग करताना बॅटरीची वायर काढून ठेवायची असते, नाहीतर वेल्डिंगचा करंट गाडीभर फिरतो आणि नाजूक जागा जाळतो. त्या माणसाला हे ठाऊक नव्हतं. आम्हाला वाटलं, आता सर त्याला चार शब्द सुनावणार. सरांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तुम्हाला कोणी सांगितलं होतं का? नाही ना? मग गुन्हा तुमचा नाही. ज्याला माहीत होतं आणि ज्याने सांगितलं नाही, त्याचा."

हे वाक्य मी त्या वेळी वहीत लिहून घेतलं नाही. तशी गरजच पडली नाही.

माझे बाबा ड्रायव्हर. आधी सुरगाणा ते नाशिक जीप चालवायचे. मी कॉलेजला आलो तेव्हा तेही माझ्यामागे नाशिकला आले आणि अंबडला एका शेठच्या मिनीबसवर लागले. कारखान्यातल्या कामगारांना शिफ्टला आणायचं, सोडायचं. आम्ही बापलेक अंबडमध्येच एका खोलीत राहायचो. बाबांना त्या गाडीचा फार अभिमान. जीपचं काम म्हणजे प्रवासी टपावर, प्रवासी बोनेटवर. इथे प्रत्येक माणसाला सीट, पडदे, वर पंखा. "माझी गाडी म्हंजे हाटेल हाय," असं ते गावी सांगायचे.

सरांना त्यांनी एकदा गावाकडचे तांदूळ आणि नागलीचे पापड पाठवले. सरांनी पापड प्रयोगशाळेतच विजेच्या शेगडीवर भाजले आणि सगळ्यांना वाटले. "ए नागली" म्हणणाऱ्यांनीही खाल्ले. संध्याकाळी सर आमच्या खोलीवर आले, बाबांशी गप्पा मारत बसले. बाबा मग रोज रात्री जेवताना विचारायचे, "आज सर काय म्हणले?" मी सांगायचो आणि ते दुसऱ्या दिवशी स्टँडवर बाकीच्या ड्रायव्हरांना सांगायचे. करंटची गोष्ट तर त्यांना तोंडपाठ झाली होती.

ती गोष्ट अशी. सर म्हणायचे, "करंट बॅटरीतून निघतो, काम करतो, आणि त्याला घरी जायचं असतं, परत बॅटरीत. त्याचा घरी जायचा रस्ता म्हणजे अर्थची पट्टी. इंजिन रबरावर बसलेलं असतं, म्हणून या तांब्याच्या पट्टीने ते चेसिसला जोडलेलं असतं. ती पट्टी नीट बसली नाही तर काय होईल? करंट थांबेल का? तो थांबत नसतो. घरचा दरवाजा बंद दिसला तर तो शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरातून जाईल. ते स्वयंपाकघर म्हणजे ईसीएम. स्टार्टरचा एवढा मोठा करंट त्या बारीक तारांमधून गेला, की झालं."

पावसाळ्यानंतर शेठच्या मिनीबसची ईसीएम जायला लागली. नव्याच गाड्या. आधी बाबांची गेली, मग दुसरी, मग पेटी बदललेली बाबांची पुन्हा. कामगार शिफ्टला उशिरा पोचू लागले. कारखान्याचे साहेब संतापले. गाड्याच खराब असतील तर काम दुसऱ्याला देऊ, असं त्यांनी शेठला सांगून टाकलं. शेठ म्हणाला, गाड्या चांगल्या आहेत, ड्रायव्हर काहीतरी करतात. साहेब म्हणाले, मग बाहेरचा जाणकार माणूस आणा आणि आमच्यासमोर सांगू दे.

शेठचा मोठा भाऊ आमच्या कॉलेजच्या व्यवस्थापनात होता. देवरे सर इतकी वर्षं शिकवत होते, पण कंत्राटावर. त्या वर्षी त्यांची नोकरी कायम होणार अशी चर्चा होती. हे मला तेव्हाही माहीत होतं. पण या दोन गोष्टी एकमेकींना जोडाव्यात असं माझ्या मनातही आलं नाही. शेठने जाणकार म्हणून देवरे सरांनाच बोलावलं. सर येणार म्हटल्यावर बाबा तर हरखले. "आता कळंल शेठला. मी केव्हाचा सांगतोय, सकाळी स्टार्टर आळस देतो म्हनून. ऐकतंय कोन?"

सरांनी मला सोबत घेतलं. शेठच्या आवारात गाड्या ओळीने उभ्या होत्या. सरांनी बाबांच्या गाडीजवळ चपला काढल्या. "बसू का, गावितभाऊ?" बाबांनी सीट खांद्यावरच्या टॉवेलने झटकून दिली. मग बोनेट उघडलं, आणि सरांनी आत वाकून विचारलं, "काय व्हयनं वं माय तुले?" बाबा माझ्याकडे बघून हसले. मी सांगितलेलं सगळं खरं निघालं होतं.

मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी इंजिनाच्या अंगावर. "गावित, स्टार्टर मार." मी मारला आणि खिडकीतून बाहेर वाकून मीटरकडे पाहिलं. आकडा शून्याजवळ राहायला हवा होता. तो चढला. सरांनी पुन्हा मारायला सांगितला, पुन्हा चढला. म्हणजे घरचा दरवाजा बंद होता. मग सर गाडीखाली गेले. मीही गेलो. चेसिसला गंज लागू नये म्हणून काळ्या रंगाचा जाड थर दिला होता, आणि अर्थची पट्टी त्या रंगावरच आवळलेली होती. रंगातून करंट जात नाही. बोल्टच्या आट्यांमधून जो काही थोडा जात असेल, तोही पावसाळ्यात गंज चढल्यावर बंद झाला असणार. सरांनी अंगठ्याच्या नखाने रंग खरवडून पाहिला. मी म्हणालो, "सर, सापडलं."

सर बाहेर आले, हात पुसले. "बॉडीचं काम कुठे केलं?" त्यांनी विचारलं.

"शेठच्या जावयाच्या गॅरेजात," बाबा म्हणाले. "सगळ्या गाड्या तिथंच बांधल्या. रंगबिंग सगळं."

सरांनी "बरं" म्हटलं. बाकीच्या गाड्यांखालीही जाऊन आले. मग बाबांसोबत टपरीवर चहा प्यायला बसले, आणि त्यांचा नेहमीचा प्रश्न विचारला. बंद पडायच्या आधी काय केलं होतं?

"काय नाय सर. रोजचंच."

"गाडी धुता का?"

बाबा खुलले. "धुतो म्हंजे? दसऱ्याला तर बोनेट उघडून आतून सगळं करतो. गाडीची पूजा असती ना. झेंडूची माळ, नारळ. आतमदी घाण ठेवून पूजा कशी करायची? आमच्याकडं जीपवाले समदे तसंच करत्यात."

"पाण्याने?"

"फडकं ओलं करून. पुसून-पुसून."

सरांनी मान हलवली. "उद्या बोलू," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेज बुडवून गेलो. सरांचा तो क्षण मला बघायचा होता. आवारात कारखान्याचे साहेब, शेठ आणि सगळे ड्रायव्हर जमले होते. बाबांचा मित्र रऊफ चाचाही होता. तो शेठची स्वतःची गाडी चालवायचा. "आज तेरे सर सबकी बोलती बंद करेंगे," तो माझ्या कानात म्हणाला.

सर आले ते सरळ बाबांच्या गाडीत चढले आणि स्टिअरिंगमागे जाऊन बसले. चपला पायातच होत्या. बाबांना विचारलं नाही. मला ते दिसलं, पण मी स्वतःला सांगितलं, घाईत असतील.

मग खाली उतरून ते साहेबांना म्हणाले, "गाड्यांमध्ये दोष नाही. ईसीएममध्ये पाणी गेलं की ते जातं. ड्रायव्हर लोक इंजिन आतून धुतात. सणावाराला तर बोनेट उघडून धुतात. त्यांनी स्वतःच मला सांगितलं."

बाबा पुढे झाले. "सर, पन मी पान्याचा पंप मारला नाय. फडक्यानं पुसलं. तुमाला सांगितलं ना?"

सरांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. ते पिशवीचे बंद बांधत होते.

शेठ म्हणाला, "बोनेट उघडून धुतो असं तूच बोललास ना?"

"हा... बोललो."

"झालं मग."

त्याच आठवड्यात बाबांना आणि आणखी दोघा ड्रायव्हरांना काढलं.

मी प्रयोगशाळेत गेलो. सर मीटरच्या वायरी गुंडाळत होते.

"सर, मीटरवर आकडा चढला होता. मी पाहिला."

ते गुंडाळतच राहिले. "पाणी गेलं तर ईसीएम जातं की नाही?"

"जातं, सर."

"मग मी खोटं काय बोललो?"

आजही त्या प्रश्नाचं उत्तर सापडलं की मी मनातल्या मनात त्यांच्यासमोर जाऊन उभा राहतो.

"सर, बाबांचं नाव..."

"गावित." त्यांचा आवाज चढला नाही. अगदी स्वच्छ, पुस्तकी मराठीत म्हणाले, "तुझी परीक्षा जवळ आली आहे. अभ्यासाकडे लक्ष दे. माणसाला काही गोष्टी माझ्या वयाचा झाल्यावर कळतात." मग शिपायाला हाक मारली, "अरे, मोच्याकडून दोरा घेऊन ये. जास्त आण. सगळा संपलाय."

त्या वेळी प्रयोगशाळेत वायरिंगचं कुठलंच काम चालू नव्हतं. हे मला जाणवलं, आणि मी ते विसरून गेलो. रागात असताना माणूस दोऱ्याचा विचार करत नाही.

अंबडमध्ये बाबांना दुसरी गाडी मिळाली नाही. जिथे जावं तिथे आधीच कळलेलं असायचं. "तो पेट्या जाळणारा ना?" शेठच्या गाड्या मात्र नवीन ड्रायव्हर आल्यापासून एकदाही बंद पडल्या नाहीत. शेठ स्टँडवर सगळ्यांना सांगायचा, "ड्रायव्हर बदलले, रोग गेला." आता यावर कोण काय बोलणार? रऊफ चाचाही मान खाली घालायचा. मलाच कळेना. पट्टी तर रंगावरच होती. मग गाड्या चालतात कशा? मी मीटर चुकीचा वाचला की काय, असं माझ्या मनात येऊ लागलं.

बाबांचं त्याहून वाईट झालं. त्यांनी मान्य केलं.

मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. रंग, पट्टी, चढलेला आकडा. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "तू अजून शिकतोस रे. ते सर हायेत. त्यांनी एवढ्या गाड्या बघितल्या. गेलं असंल पानी, फडकं पिळायचं राहिलं असंल माझ्याच्यानं." आणि मग, "माझ्या पायी बाकी दोघांच्या पोटावर पाय आला, त्येचं वाईट वाटतं."

ते सुरगाण्याला परत गेले आणि एका नातेवाइकाची जुनी जीप चालवू लागले. तिच्यात ईसीएम वगैरे काही नाही. "हिच्यात डोकंच नाय, तर जळनार काय?" असं हसत सांगायचे. पण पुढच्या दसऱ्याला मी घरी गेलो तेव्हा पाहिलं, त्यांनी जीपला लांबूनच झेंडूची माळ घातली. बोनेट उघडलं नाही. आईने पाण्याची बादली भरून ठेवली होती. ती त्यांनी परसातल्या झाडाला ओतली.

सरांची नोकरी कायम झाली. मी चांगल्या गुणांनी पास झालो. तोंडी परीक्षेत त्यांनी मला भरभरून गुण दिले होते. मी पेढे घेऊन गेलो नाही.

त्यानंतर त्यांना मी एकदाच पाहिलं, द्वारका चौकात. मी सिटी बसची वाट बघत होतो. रस्त्याच्या पलीकडे एका बंद पडलेल्या रिक्षाजवळ ते उभे होते. खांद्याला तीच निळी पिशवी. रिक्षावाला हातवारे करून काहीतरी सांगत होता आणि सर मान वाकडी करून, अगदी मन लावून ऐकत होते. आदल्या दिवशी काय केलं, असंच विचारलं असणार. मग त्यांनी वर पाहिलं. मी दिसलो. त्यांचा हात उठला, अर्ध्यावर आला आणि चष्म्याकडे वळला. चष्मा नीट करून ते पुन्हा रिक्षावाल्याकडे वळले. चपला काढून ते रिक्षात बसले की नाही, ते मला बघायचं होतं. मध्ये बस आली.

इथपर्यंतचं मी मागेच लिहून ठेवलं होतं. पुढे काय लिहावं ते सुचत नव्हतं, कारण सर मला कळले नव्हते. नोकरीसाठी माणूस एकदा खोटं बोलतो, इतकंच असेल तर त्यावर एवढं काय लिहायचं, असं वाटून मी ते बाजूला ठेवलं. मग या आठवड्यात रऊफ चाचाचा फोन आला.

शेठचं कारखान्याचं काम संपलं आणि त्याने मिनीबस विकायला काढल्या. त्यातली एक चाचाने शाळेच्या मुलांसाठी घेतली. बाबांचीच. क्लच बदलायला गॅरेजात नेली आणि तो खाली वाकला, तेव्हा त्याचं लक्ष गेलं.

"सुन, तू बोलता था ना वो पट्टी का? रंगावर बसवलीय म्हणून?"

"हो, चाचा."

"अरे, ती पट्टी तर तशीच आहे. पण बाजूला दुसरी लावली आहे. मोठी, नवी. रंग खरवडून, लोखंड चमकेपर्यंत घासून, वरून ग्रीस लावून. बाजूला शेठचीच दुसरी गाडी उभी होती, तिच्या पण खाली घुसून बघितलं. तिच्यात पण आहे. शेठच्या जुन्या चौकीदाराला विचारलं. बोलला, तुझ्या बाबांना काढलं त्याच्या पुढच्या रविवारी एक मास्तर आला होता, दिवसभर गाड्यांखाली झोपून होता. एकटाच. किसी को हाथ लगाने नहीं दिया."

चाचाचं बोलणं अजून संपलं नव्हतं.

"और एक अजीब चीज. वायर टेपने नाही बांधली रे. दोऱ्याने बांधली आहे. मेण लावलेला दोरा. चपट्या, तांदळाएवढ्या गाठी. ऐसा कौन बाँधता है?"

नव्या ड्रायव्हरांच्या गाड्या का चालल्या, ते मला तेव्हा कळलं. सरांनी गाड्या बऱ्या केल्या होत्या. त्या बऱ्या झाल्या म्हणूनच माझ्या बाबांवरचा आरोप कायमचा खरा ठरला होता.

"तेरे बाबा को मैं बोलूँ?" चाचाने विचारलं.

"तुम्हीच सांगा," मी म्हणालो. "माझं ते ऐकत नाहीत."

संध्याकाळी बाबांचा फोन आला. मला वाटलं होतं, त्यांना आनंद होईल. पाणी गेलं नव्हतं, फडकं नीट पिळलेलं होतं, त्या दोघांच्या पोटावर त्यांच्यामुळे पाय आला नव्हता. मी हे सगळं बोलायच्या तयारीत होतो. मागे जीपचं इंजिन चालू होतं. मग त्यांनी ते बंद केलं.

"म्हंजे," ते म्हणाले, "माझ्यासंग चहा पीत बसले व्हते, तवा सरांना माहीत व्हतं?"